घरी शिडाची लाकडी होडी बांधताना : आकार, प्लाय, एपॉक्सी आणि दोघांचे काम

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा. तुम्ही पती-पत्नी दोघेही पुण्यात नोकरी करता, घराशेजारी २८ फूट लांब आणि १२ फूट रुंद पत्र्याची शेड आहे, घरातले थोडेफार फर्निचर तुम्ही स्वतः केलेले आहे, आणि आठवड्याच्या सुटीत काम करून छोटी केबिन असलेली २४ फुटी शिडाची होडी बांधावी व ती किनाऱ्याने गोव्यापर्यंत न्यावी, अशी तुमची इच्छा आहे. आराखडा कोणता घ्यावा, लाकूड कोणते वापरावे आणि वेळ किती लागेल, हे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : २४ फुटी होडी आता हाती घेऊ नका. अकरा-बारा फुटांची, केबिन नसलेली, प्लाय आणि एपॉक्सीची (दोन द्रव मिसळले की घट्ट होणारा चिकटपदार्थ) होडी घ्या, जी ऑक्टोबर ते मे या एकाच कोरड्या हंगामात पाण्यात उतरेल. यामागची कारणे तुमच्या कौशल्याशी फारशी संबंधित नाहीत. ती तास, पाऊस आणि शेडची रुंदी यांच्याशी संबंधित आहेत.

होडीची लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे आकारमान आठपट होते आणि काम, साहित्य व खर्च हे सारे लांबीच्या मागे न जाता आकारमानाच्या मागे जातात. बारा फुटी साध्या होडीला नवशिक्या जोडप्याचे अडीचशेच्या आसपास मनुष्य-तास लागतात, असे धरून चाला. केबिनच्या २४ फुटी होडीला अडीच हजार तास हा अंदाजही उदार नाही. दोघे मिळून शनिवार-रविवारचे सोळा तास प्रामाणिकपणे देत असाल आणि पावसाळ्याचे चार महिने चिकटवण्या-रंगवण्याचे काम जवळपास बंद राहणार असेल, तर वर्षाला सुमारे ३४ आठवडे हाती येतात. म्हणजे लहान होडी चार महिन्यांत आणि मोठी साडेचार वर्षांत. त्या साडेचार वर्षांत लग्नकार्ये, आजारपणे, बदल्या आणि गणपती येणारच आहेत. शिवाय पाण्यात बुडणारे मुख्य अंग पूर्ण झाले म्हणजे होडी झाली, हा गैरसमज फार महागात पडतो. केबिनच्या होडीत ते अंग म्हणजे एकूण कामाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. उरलेले दोन हिस्से आतली बांधणी, डेक, झरोके, डोलकाठी, शिडे, दोरखंड, वायरिंग आणि न संपणारे घासकाम यांत जातात. अर्धवट राहिलेल्या बहुतेक होड्या नेमक्या या टप्प्यावर, प्रायमर मारून झाल्यावर, थांबलेल्या दिसतात.

स्वतःच्या हाताने होडी बांधून जग फिरलेल्या जोडप्यांत लिन आणि लॅरी पार्डी यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, आणि तुम्हीही बहुधा त्यांच्याकडे पाहूनच २४ फुटांचा आकडा धरला असावा. त्यांची २४ फुटी सेराफिन कॅलिफोर्नियात १९६८ मध्ये पाण्यात उतरली, आणि २९ फुटांहून थोडी मोठी तालेइसिन १९८३ मध्ये. दोन्हींचे आराखडे लाइल हेस यांचे होते आणि दोन्हींत इंजिन नव्हते. परंतु त्यांच्याकडून घ्यायचा धडा वेगळा आहे. लॅरी पार्डी हे होडीकाम जाणणारे कारागीर होते, दुसरी होडी बांधताना दोघांच्याही गाठीशी पहिल्या होडीतील कित्येक वर्षांचा प्रवास होता, आणि होडी हाच त्यांचा दिनक्रम होता. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करणाऱ्यांना तेच वेळापत्रक लागू होत नाही.

तुमच्यासाठी अधिक योग्य उदाहरण मिरर या होडीचे आहे. बॅरी बकनेल आणि जॅक होल्ट यांनी १९६२-६३ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ती तयार केली, डेली मिरर या वृत्तपत्राने ती लोकांपुढे आणली, आणि सामान्य घरांतील गॅरेजमध्ये, दिवाणखान्यात, कुटुंबांनी ती हजारोंच्या संख्येने बांधली. लांबी १० फूट १० इंच, रिकाम्या होडीचे वजन सुमारे ४५ किलो. तिची डोलकाठी दोन तुकड्यांत असल्यामुळे सर्व काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि सगळे सामान गाडीच्या टपावर जाते. तुम्ही हुबेहूब मिररच बांधावी असा माझा आग्रह नाही. त्या मापाचा, त्याच पद्धतीचा, ख्यातनाम आरेखकाचा पूर्ण आराखडा विकत घ्या आणि त्यात काहीही बदल करू नका. ‘जरा लांब करू, जरा उंच करू’ हा मोह बहुतेकांना होतो, आणि त्यात होडीचा तोल बिघडतो.

पद्धतीविषयी. तुमच्या पत्रात सागवानी फळ्यांच्या होडीचा उल्लेख आहे, आणि त्यामागचे आकर्षण मी समजू शकतो. १९६३-६४ मध्ये मुंबईत बांधलेली ३२ फुटी सुहैली सागाचीच होती. आपल्या सुतारांनी ती वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी घडवली, आणि १९६८-६९ मध्ये तीच होडी घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कोठेही न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण केली. पण फळ्यांच्या होडीला पाण्यात राहून फुगणे आवश्यक असते. शेडमध्ये आठ महिने कोरडी ठेवून मग खडकवासल्याला नेली, तर प्रत्येक सांधा उघडतो आणि ती पाणी घेते. गाडीवरून नेण्याच्या आणि वर्षातील बराच काळ कोरड्या राहणाऱ्या होडीला प्लाय-एपॉक्सीच योग्य आहे. लाकूड आणि एपॉक्सी यांच्या जोडीवर शंका असेल, तर गोव्यात दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची म्हादेई आठवा. ५६ फुटांच्या त्या नौकेच्या कवचाचा गाभा लाकडी पट्ट्यांचा, त्यावर एपॉक्सी आणि काचेचे (फायबरग्लासचे) कापड असा आहे, आणि तीच नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

लहान होडीत ही पद्धत शिवून चिकटवण्याची असते. प्लायचे पट्टे आराखड्याप्रमाणे कापायचे, कडांना सुमारे पंधरा सेंटिमीटरवर भोके पाडायची आणि तांब्याच्या तारेने ते एकमेकांना बांधायचे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात १८ गेजची तार सहज मिळते. पट्टे जोडले जाताच होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतील कोपऱ्यात एपॉक्सी आणि लाकडाची बारीक पूड यांचे घट्ट मिश्रण गोलाईने भरायचे, त्यावर काचेच्या कापडाची पट्टी बसवायची, आणि ते पक्के झाले की तारा काढून टाकायच्या. अडकून बसलेली तार सोल्डरिंगच्या इस्त्रीने क्षणभर तापवली की सुटते. येथील शिवण तात्पुरती असते. नौदलाच्या कौंडिण्य या जहाजाप्रमाणे काथ्याच्या दोरीने फळ्या कायमच्या शिवण्याचा हा प्रकार नव्हे.

तारा बांधून झाल्या आणि कोपरे भरायचे राहिले, एवढ्या अवधीतच होडीचा पीळ काढता येतो. नंतर तो जन्मभर तसाच राहतो. त्यासाठी दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही काठांवर आडव्या ठेवा आणि मागे चार-पाच पावलांवर बसून एका डोळ्याने पाहा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. एक बाजू जरा उचललेली दिसली तर समोरच्या, खाली गेलेल्या बाजूखाली पाचर सारा, तारा ढिल्या करा, पुन्हा पाहा. गवंड्यांकडे असते ती पाण्याची लेव्हल नळी हे त्यासाठीचे उत्तम आणि स्वस्त साधन आहे. या तपासणीसाठी अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

प्लायच्या बाबतीत काटकसर करू नका. आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लायच घ्या. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटासाठी आहे, होडीसाठी नाही. मात्र शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. दुकानात ताव उभा करून चारही कडा पाहा. आतील थरांत पोकळी, एकमेकांवर चढलेले तुकडे किंवा लांबी (पुट्टी) भरलेली दिसली, तर तो ताव सोडून द्या. एक हातभर तुकडा घरी आणून काही तास उकळा, उन्हात वाळवा, पुन्हा उकळा, आणि मग पटाशीने थर उचकटून पाहा. लाकूड फाटले तर प्लाय चांगला. थर स्वच्छ सुटले तर वाईट. मानकातील उकळण्याची चाचणी ७२ तासांची आहे, त्यामुळे एवढ्याने डगमगणारा प्लाय घ्यायचाच नाही. दुसरी बाब वजनाची. आपल्याकडील मरीन प्लाय कठीण लाकडाचा असतो. ६ मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा ताव साडेबारा किलोच्या आसपास भरतो, तर आयात केलेला ओकुमे या हलक्या लाकडाचा प्लाय साडेआठ-नऊ किलो. परदेशी आराखड्यात दिलेले वजन ओकुमेचे असते, हे ध्यानात ठेवा. आपला प्लाय वापरला म्हणून होडी वाईट होत नाही, पण ती टपावर चढवायला दोघांऐवजी चौघे लागतात.

काठाच्या पट्ट्या, बैठका आणि सुकाणू यांना साग चालेल, फक्त साग तेलकट असतो आणि ते तेल एपॉक्सीला धरू देत नाही. चिकटवण्याचा पृष्ठभाग ताजा घासून, ॲसिटोनने पुसून, लगेच चिकटवावा. डोलकाठीसाठी साग जड पडतो. बाहेरून येणारे डग्लस फर हे लाकूड, गाठी नसलेले आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावणारे, शोधून घ्या.

आठ फुटांच्या तावातून अकरा फुटांचा पट्टा काढायचा, तर दोन ताव उतरत्या कडेने जोडावे लागतात. उतार जाडीच्या आठपट हवा, म्हणजे ६ मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटर. सगळे ताव एकावर एक, प्रत्येक ४८ मिलिमीटर मागे सरकवून, सपाट टेबलाच्या कडेला घट्ट पकडा आणि पूर्ण पायरी एकदमच रंध्याने उतरवत न्या. रंधा धारदार असेल तर प्लायमधील थरांच्या रेषा पट्ट्यांसारख्या दिसू लागतात, फिकट, गडद, फिकट. या रेषा हेच तुमचे माप. त्या सरळ आणि समांतर राहिल्या तर उतार बरोबर आहे. एखादी रेषा जिथे वाकडी झाली, तिथे उंचवटा किंवा खळगा आहे, आणि तो हाताला जाणवण्याआधी डोळ्याला दिसतो. जोडताना दोन्ही उतारांना आधी पातळ एपॉक्सी पिऊ द्या, मग पूड घातलेली लावा, खाली-वर प्लॅस्टिक पसरून वजन ठेवा. शिकंजा आवळून सगळे मिश्रण बाहेर काढू नका. सांध्यात ते उरलेच पाहिजे.

एपॉक्सीविषयी मी जरा अधिक लिहितो, कारण आपल्या हवेत बहुतेक अपयश तिथून येते. कोकणात फायबरच्या होड्या करणारे कारागीर पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे त्यात घट्ट करणारे द्रव्य कमी-जास्त टाकतात. एपॉक्सीत हे चालत नाही. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण ठरलेले असते. हार्डनर जास्त टाकला तर ते लवकर घट्ट होत नाही, उलट कायम मऊ राहते. घट्ट होण्याचा वेग बदलायचा तर हार्डनरची जात बदला : पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये संथ हार्डनरच हवा. स्वयंपाकघरात वापरतात तसा ग्रॅमचा डिजिटल काटा घ्या आणि उत्पादकाने वजनाचे प्रमाण दिले असेल तर वजनानेच मोजा. तापमान दहा अंशांनी वाढले की हाती असलेला वेळ साधारण निम्मा होतो, आणि खोल डब्यात ठेवलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने आणखी वेगाने तापते, प्रसंगी धूर सोडते. म्हणून थोडे थोडे कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता.

लाकडाला पहिला हात देण्याची वेळ संध्याकाळची. पत्र्याची शेड दुपारभर तापलेली असते. ऊन उतरू लागले की लाकूड निवते, त्यातील हवा आकुंचन पावते आणि एपॉक्सी आत ओढली जाते. हेच काम सकाळी केले तर तापमान चढत जाते, लाकडातील हवा बाहेर पडते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांची पुटकुळी उठते. दमट हवेत घट्ट झालेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या घासणीने धुवून काढा, मगच पॉलिश पेपर मारा. उलट क्रमाने केले तर ते मेण घासले जाऊन आत बसते आणि पुढचा हात सुटून येतो. लाकडातील ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावा. जुलै-ऑगस्टमध्ये तो तसा राहत नाही, म्हणून पावसाळ्यात चिकटवू नका. त्या दिवसांत काठी घडवा, वल्ही तासा, दोरखंडाच्या गाठी शिका. आणि उन्हात एपॉक्सी टिकत नाही, त्यावर रंग किंवा अतिनील किरणे रोखणारे वॉर्निश हवेच.

आता एक गोष्ट, जी दोघांनी मिळून काम करताना निर्णायक ठरते. कच्ची एपॉक्सी वारंवार त्वचेला लागली तर तिची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जात नाही. मग त्या व्यक्तीला पुढचे काम करताच येत नाही. दोघांपैकी एकाला ती झाली तर होडी थांबली असे समजा. म्हणून नायट्रिलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि हाताला लागलेच तर साबण-पाणी. थिनर किंवा ॲसिटोनने हात कधीही धुऊ नका, कारण ते द्रव्य त्वचेत अधिक आत जाते. पूर्ण पक्की न झालेली एपॉक्सी घासताना धुळीचा चांगला मास्क हवा. दोन भागांचे पॉलियुरेथेन रंग घरच्या शेडमध्ये स्प्रेने मारू नका; त्यांतील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे. ब्रश आणि रोलरने, दारे उघडी ठेवून, योग्य कार्ट्रिजचा मास्क लावून ते लावता येतात.

कामाची वाटणी ‘तुम्ही सुतारकाम, ह्या रंगकाम’ अशी करू नये, कारण त्यात एकाला धूळ आणि दुसऱ्याला वाट पाहणे येते. एपॉक्सीच्या दिवशी एकाने फक्त मोजायचे व कालवायचे आणि दुसऱ्याने फक्त लावायचे, व पुढच्या वेळी अदलाबदल करायची, हे उत्तम चालते. कालवणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात आणि प्रमाणात गोंधळ होत नाही. होडीच्या प्रत्येक भागाचा शेवटचा निर्णय कोणाचा, हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून ठेवा. माझ्या पाहण्यात जोडप्यांचे खटके आराखड्यावरून क्वचितच उडतात. ते उडतात ‘आता पुरे, किती घासायचे’ यावरून. एकाला आरसा हवा असतो आणि दुसऱ्याला जूनच्या आत पाणी. त्यावर माझा कौल स्पष्ट आहे : पाण्याखालचा भाग गुळगुळीत आणि पूर्ण बंद हवा, आतील बाजू केवळ हात न खरचटण्याइतकी बरी झाली तरी पुरे.

स्क्रू शक्यतो तात्पुरते वापरा आणि एपॉक्सी पक्की झाल्यावर काढून भोके भरून टाका. पितळ खाऱ्या पाण्यात झिजून ठिसूळ होते. जिथे धातू राहणारच आहे तिथे स्टेनलेस ३१६ घ्या. लाकूड कुजते ते बहुतांशी गोड्या पाण्याने, म्हणजे आत साचलेल्या पावसाने, म्हणून होडी उलटी, झाकून आणि खालून वारा लागेल अशी ठेवा. शिडाचे डॅक्रॉन (पॉलिएस्टरचे) कापड घरी शिवण्यापेक्षा पहिल्या होडीला शीड शिवणाऱ्याकडून करून घ्या, आणि ते तारा बांधण्याच्या आठवड्यातच सांगून ठेवा. नाहीतर होडी तयार आणि शीड नाही, असा प्रसंग हमखास येतो.

शेडचे माप शेवटी सांगतो. होडीच्या भोवती दोन्ही बाजूंनी तीन फूट मोकळी जागा लागते. २४ फुटी होडीची रुंदी आठ फूट धरली तर तुमच्या शेडमध्ये बाजूला दोन-दोन फूटच उरतात, त्यात रंधा चालत नाही आणि होडी उलटवता तर येतच नाही. बारा फुटी होडी मध्ये ठेवून एका टोकाला लांब टेबल मांडता येईल. दार आणि फाटक यांची रुंदी टेपने मोजून आराखड्यावर लिहून ठेवा.

शीड हाकायला होडी बांधून होण्यापूर्वीच, दुसऱ्याच्या होडीत, जाणत्यांकडून शिका. धरणाच्या जलाशयात होडी उतरवण्याच्या परवानगीसाठी जलसंपदा विभागाकडे आणि समुद्रासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयात आधी चौकशी करा. गोव्याची सफर पहिल्या होडीत नको. त्यासाठी दुसरी होडी बांधता येईल, आणि तेव्हा तुमचा अंदाज माझ्या अंदाजापेक्षा अधिक अचूक असेल.

पहिल्या दिवशी शीड लावू नका. कमरेएवढ्या पाण्यात, जीवरक्षक जाकिटे घालून, होडी मुद्दाम आडवी करा, पाण्याने भरू द्या, आणि दोघांना ती सरळ करून पाणी उपसता येते का ते पाहा. होडी तरती ठेवणाऱ्या बंद हवाकप्प्यांची झाकणे नंतर उघडून आत हात फिरवा. कप्पा ओला लागला तर किनाऱ्यावर आणून सर्व सांध्यांना साबणाचे पाणी लावा आणि झाकणाच्या जागी सायकलचा पंप हलकेच चालवा, जोर करू नका. जिथे फेस फुगेल तिथे कोपरा अर्धवट भरलेला आहे. तेवढा भाग घासून, वाळवून, पुन्हा भरा, आणि तो पक्का होईपर्यंत शीड गुंडाळलेलेच ठेवा.